दाराबाहेरचे चौदा जोड

माझा धंदा काय, असं कुणी विचारलं तर मी सांगतो की मी चपला मोजतो. समोरचा हसतो. पण त्यात खोटं काही नाही.

मी अमेरिकेत शॉमबर्गला राहतो आणि दर हिवाळ्यात तिथल्या मराठी मंडळींचे छोटे गट थायलंडला घेऊन जातो. बँकॉक नाही, समुद्रकिनारा नाही. उत्तरेकडचं चियांग माई हे एकच जुनं शहर, त्यातले विहार, गल्ल्या आणि रस्त्यावरचं खाणं. मी विहार म्हणतो, काही जण देऊळ म्हणतात, तिथले लोक वाट म्हणतात. गट चौदा जणांचाच घेतो. दोन व्हॅनमध्ये सात-सात माणसं मोकळी बसतात. पंधरावा आला की तिसरी व्हॅन लागते आणि तिचा भार उरलेल्या चौदा जणांवर पडतो. आधी मी एका कंपनीत हिशेबाच्या खात्यात होतो, खातं दुसऱ्या राज्यात गेलं आणि मी गेलो नाही. पण हिशेबाची सवय काही गेली नाही.

आता चपलांचं. विहारात जाताना पायऱ्यांपाशी पादत्राणं काढावी लागतात. आत गेल्यावर माणसं पांगतात. एक खांबामागे, एक भिंतीवरच्या चित्रांचे फोटो काढत, एक पंख्याखाली. डोकी मोजायला गेलं तर एकच माणूस दोनदा मोजला जातो. चपला मात्र बाहेर उन्हात निमूट पडलेल्या असतात. म्हणून पहिल्याच दिवशी, हॉटेलच्या लॉबीत, मी प्रत्येकाचे पाय बघतो आणि सांगतो, ‘‘ट्रिपभर हेच घाला. बाजारात नवीन घेतले तर आधी मला दाखवा. तुमचे बूट बाहेर आहेत तोवर मी जागचा हलणार नाही. बूट आहेत म्हणजे माणूस आत आहे.’’ इतक्या वर्षांत या नियमाने एकही माणूस मागे राहिलेला नाही.

बाकी काम म्हणजे उन्हाचा आणि गुडघ्यांचा अंदाज. संगमरवरी अंगणाचे विहार सकाळी उरकायचे, कारण दुपारी ती फरशी अनवाणी पायांना तव्यासारखी लागते. लाकडी जमिनीचे दुपारी. बुद्धमूर्तीकडे तळपाय करून बसायचं नाही हा तिथला रिवाज, आणि आमच्या निम्म्या मंडळींना मांडी घालता येत नाही, म्हणून व्हॅनमध्ये प्लास्टिकची स्टुलं. दिवसाला तीनपेक्षा जास्त विहार नाहीत. एकदा प्लेनोच्या एका आयटीवाल्याने चौथ्या दारात मला विचारलं होतं, ‘‘यार, आत परत बुद्धच आहेत ना?’’ तेव्हापासून तीनच.

तिथल्या कायद्याने परक्या माणसाला गाइडचं काम करता येत नाही. ते काम नोई करते. माझ्याच वयाची, चियांग माईत जन्मलेली, लायसन्स असलेली गाइड आहे ती. बोलायचं तिने, मोजायचं मी. ती मला चिडवते, ‘‘तू इतक्या वर्षांत माझं शहर गुडघ्याच्या वर बघितलंच नाहीस.’’

ते बरंचसं खरं आहे. फोटो मीच काढतो, त्यामुळे एकाही फोटोत मी नाही. व्हॅनमध्ये ड्रायव्हरशेजारी बसतो, खोली सिंगल घेतो, आणि सगळ्यांच्या थाळ्या आल्या की मग स्वतःचं मागवतो, तोवर बहुतेकांचं जेवून झालेलं असतं. तक्रार नाही, कामाची रीतच तशी आहे.

एका हिवाळ्यातल्या गटाबद्दल सांगतो. त्यात सहा जोडपी होती आणि दोन सुटी माणसं. त्यातल्या एक एडिसनच्या कुलकर्णी काकू. कांदा-लसूण वर्ज्य, अंडं वर्ज्य, आणि तिथल्या प्रत्येक पदार्थात माशाचं पाणी असतं असं त्यांच्या भाचीने त्यांना सांगून ठेवलेलं. बॅगेत मेतकूट, भाजके पोहे आणि खाकरे. मी त्यांना पिवळे झेंडे दाखवले. तिथे काही गाड्यांवर पिवळा झेंडा असतो आणि त्यावर लाल अक्षर, आपल्याला ते इंग्रजी सतरासारखं दिसतं. त्या गाडीवर मांस, मासे, अंडं, दूध नसतं, आणि कांदा-लसूणही नसतो. काकूंचा विश्वास बसेना. त्यांनी गाडीवरच्या बाईचं प्रत्येक भांडं हुंगून बघितलं. बाईने न रागावता झाकणं उघडून दिली. दुसऱ्या दिवशी काकूच मला म्हणाल्या, ‘‘गजभिये, सतरा कुठंय? मला भूक लागलीय.’’

दुसरे मेश्राम काका. वय अठ्ठ्याहत्तर, मूळ नागपूरचे, शाळेत गणिताचे मास्तर होते. आता प्लेनोला मुलाकडे असतात. पत्नी वर्षापूर्वी वारलेल्या. मुलाने, नितीनने, मला बुकिंग करताना सांगितलं होतं, ‘‘दादा, मला सुट्टी नाही मिळत. बाबा घरात नुसते बसून असतात. त्यांना जरा लोकांत न्या. फक्त नजर ठेवा, प्लीज. हल्ली विसरतात.’’ मी शब्द दिला. नितीन रोज संध्याकाळी ऑफिसमधून निघाला की माझ्या फोनवर व्हिडिओ कॉल करायचा. तेव्हा आमच्याकडे सकाळच्या नाश्त्याची वेळ असे. काकांचा स्वतःचा फोन बहुधा खोलीत चार्जिंगला असायचा.

काकांचे बूट पांढरे, चिकटपट्टीचे होते. मला भेटले तेव्हा ‘जयभीम’ म्हणाले आणि लगेच विचारलं, ‘‘काहून रे, माझे बूट काय बघतोस? नवीन आहेत.’’

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही खाओ सोय खायला एका गल्लीत गेलो. नारळाच्या दुधातला कोंबडीचा रस्सा, त्यात नूडल्स, वरून तळलेल्या नूडल्सचा चुरा, बाजूला आंबवलेली मोहरीची पानं, चिरलेले छोटे कांदे आणि लिंबाची फोड. दुकानातली टेबलं चौघांची. जोडपी दोन-दोन करून बसली, काकू सतराच्या गाडीवर गेल्या, आणि काका एकटेच उरले. म्हणून मी त्यांच्यासमोर बसलो. त्यांनी चमचाभर रस्सा घेतला, डोळे मिटले.

‘‘सावजीत खोबऱ्याचं दूध ओतलं तर असंच लागेल. सुमनला आवडलं असतं. ती म्हणाली असती, तिखट कमी आहे.’’

मग चमचा खाली ठेवून त्यांनी विचारलं, ‘‘गजभिये, इथं जलदान करतात का रे?’’

वाचकांपैकी सगळ्यांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. आमच्या नागपूरकडच्या बौद्ध घरांत माणूस गेल्यावर काही दिवसांनी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम करतात. भन्ते, म्हणजे भिक्खू, येतात, गाथा म्हणतात, घरचे लोक भांड्यातून भांड्यात सावकाश पाणी ओततात, तेच जलदान. गेलेल्याच्या नावाने केलेलं चांगलं काम त्याच्यापर्यंत पोचावं, एवढीच त्यामागची भावना.

‘‘करतात. रोज सकाळी करतात, भिक्खूंना भिक्षा घातल्यावर. पण सुमनकाकूंचं झालं असेल ना?’’

‘‘झालं. नितीनने व्हिडिओ कॉल लावला होता. नागपूरहून भन्ते गाथा म्हणत होते. मी पाणी ओतायला घेतलं आणि ते अडकले.’’

‘‘कोण?’’

‘‘भन्ते. तोंड उघडं ठेवून अडकले. स्क्रीनवर चाक फिरत राहिलं. परत लागलं तेव्हा गाथा संपली होती आणि माझं पाणी अर्धंच झालं होतं. नितीन म्हणाला, बाबा, इट्स फाइन, झालं. लोकांना निघायचं होतं, हॉल दोन तासांचाच होता.’’ त्यांनी लिंबू पिळलं. ‘‘मला एकदा समोर बसलेल्या भन्तेंपुढे करायचंय. तेवढ्यासाठी आलो मी. नितीनला नको सांगू, त्याला वाटेल त्याचं काही चुकलं.’’

आणि मी काय म्हणालो? ‘‘काका, उद्या सकाळी फक्त भिक्षा घालायची आहे. मग नाश्ता, मग फुलबाजार. जलदान आपल्या कार्यक्रमात नाही. तेरा लोक थांबणार कसे?’’

काकांनी मान हलवली. ‘‘खरं आहे. तेरा लोक.’’ आणि उरलेला रस्सा संपवला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आम्ही एका मोठ्या विहाराच्या दारापाशी रस्त्याच्या कडेला उभे होतो. फूटपाथवरच्या बाईकडून नोईने सगळ्यांसाठी भिक्षेची तबकं घेतली: चिकट भाताची पुडी, रबर लावलेल्या पिशवीत भाजी, पाण्याची बाटली, दोन कमळकळ्या. भिक्षा घालताना पादत्राणं काढतात, कारण भिक्खू स्वतः अनवाणी असतात. चौदा जोड भिंतीला लावून ठेवले गेले. मी मोजले. भिक्खूंच्या रांगा आल्या. प्रत्येक रांग वेगळ्या विहाराची, पुढे म्हातारे, मागे तरुण. कुणी बोलत नाही. भिक्षा घेणारा आभार मानत नाही, घालणाऱ्याने वाकायचं. आमची मंडळीही कधी नव्हे ती गप्प होती.

मी फोटो काढत होतो.

रांगा गेल्या. माणसं बूट घालायला आली. गलका सुरू झाला. भिंतीपाशी शेवटी एकच जोड राहिला, पांढरा, चिकटपट्टीचा.

‘‘काका आतल्या अंगणात गेले असतील,’’ मी नोईला म्हणालो. ‘‘बूट इथं आहेत.’’

मी थांबलो. एक जोडपं आत बघून आलं, नाहीत. दुसरं मागे बघून आलं, नाहीत. नोई स्वच्छतागृहाकडे जाऊन आली. मी बुटांपाशी उभाच. मला खरोखर वाटत होतं की बूट आहेत तर माणूस येणारच.

शेवटी कुलकर्णी काकू माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. ‘‘अहो गजभिये, बुटांची कसली राखण करताय? त्यांना काय पाय फुटणारेत? माणूस शोधा ना!’’

मग मी बुटांवरून नजर काढली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, विसराळू, फोन खोलीत, भाषा येत नाही, पायात काही नाही. आणि थोड्याच वेळात माझ्या फोनवर नितीन येणार, ‘‘दादा, बाबांना द्या ना.’’ मी त्याला काय दाखवणार होतो? बूट?

नोईने भिक्षेची तबकं विकणाऱ्या बाईला विचारलं. बाई हसली, हाताने दाखवलं. पांढरा शर्ट घातलेले एक आजोबा शेवटच्या रांगेमागून चालत गेले. अनवाणी. भिक्खू अनवाणी, म्हणून तेही.

‘‘ती रांग मागच्या गल्लीतल्या छोट्या विहाराची,’’ नोई म्हणाली.

मंडळींना मी नाश्त्याच्या दुकानात बसवलं, काकूंवर सोपवलं, आणि काकांचे बूट हातात घेऊन नोईबरोबर निघालो. ती गल्ली माझ्या कार्यक्रमात कधीच नव्हती. दोन्ही बाजूंना लाकडी घरं, दारात तुळशीसारखं झाड असलेल्या कुंड्या, कोळशावर भाजली जाणारी सॉसेजं, एका घरासमोर शाळेचा गणवेश वाळत घातलेला. एक बाई माझ्या हातातले बूट बघून न विचारताच पुढे बोट दाखवत होती. पुढच्या वळणावरच्या माणसानेही तेच केलं. एवढी वर्षं या शहरात येतोय, पण गल्लीतल्या कुणी मला वाट दाखवल्याची ती पहिलीच वेळ. मनात भीती नसती तर मी त्याची मजा घेतली असती.

विहार अगदी लहान, पत्र्याच्या छपराचा. पायऱ्यांपाशी शेजारच्या बायकांच्या चार-पाच चपला. मी सवयीने मोजल्या आणि स्वतःवरच चिडलो.

आत चटईवर काका बसले होते. तळपाय काळे, पण बुद्धमूर्तीकडे नाहीत, व्यवस्थित मागे दुमडलेले. समोर चौथऱ्यावर चार भिक्खू, त्यांच्यापुढे वाढलेलं अन्न, आणि कुणीच जेवत नव्हतं. काकांपुढे एक पितळी वाटी आणि छोटा तांब्या.

‘‘आलास?’’ काका म्हणाले. ‘‘बस लवकर. भन्तेंचं जेवण गार होतंय.’’

‘‘काका! अहो, सगळे तिकडे...’’

‘‘आधी त्रिशरण झालं. यांचे उच्चार वेगळे आहेत, पण शब्द आपलेच. मीही सोबत म्हटलं, तसे हे माझ्याकडे बघायला लागले. मग या बाईंनी तांब्या आणून दिला.’’ शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईने माझ्याकडे बघून हात जोडले. ‘‘पण इथली रीत अशी आहे की एकाने पाणी ओतायचं आणि घरच्यांनी त्याच्या हाताला हात लावायचा. मग ते सगळ्यांचं होतं. बाई खुणेने विचारतात, तुमचं कोण आहे? मी म्हणालो, वन मिनिट. माझा माणूस येतोय.’’

‘‘तुम्हाला काय माहीत मी येणार?’’

‘‘बूट ठेवून आलो ना. बूट आहेत तोवर तू जाणार नाहीस, तूच सांगितलंस पहिल्या दिवशी. मला वाटलं लगेच येशील. फार वेळ लावलास बुवा.’’

मी काय सांगणार, की मी बुटांपाशी उभा होतो.

मी गुडघे मोडून बसलो. काकांनी तांब्या उचलला. मी त्यांच्या कोपराला हात लावला. माझ्या पाठीला नोईचा हात लागला, आणि बहुतेक त्या म्हाताऱ्या बाईचाही. भिक्खूंनी म्हणायला सुरुवात केली. अर्धे शब्द ओळखीचे वाटत होते. पाण्याची धार बारीक होती, आणि काकांचा हात हळूहळू वाकत होता तसतशी ती मला माझ्या बोटांत जाणवत होती.

माझी आई गेली तेव्हा माझे अमेरिकेतले कागद अडकलेले होते. गेलो असतो तर परत येता आलं नसतं. घर घेतलेलं, मुलगा शाळेत. भावाने नागपूरला सगळं केलं. मी त्या दिवशी ऑफिसला गेलो होतो. कुणाच्या हाताला हात लावायचा प्रश्नच नव्हता. काकांच्या त्या पाण्यात माझ्या आईचा वाटा धरता येतो का, हे मी नोईला विचारलं नाही. असल्या गोष्टींची टक्केवारी काढता येत नाही.

मधेच खिशात फोन थरथरायला लागला. नितीन. हात काढला असता तर घेता आला असता. मी काढला नाही. फोन बंद झाला, परत थरथरला. काकांनी शेवटचा थेंब पडेपर्यंत तांब्या उलटा धरून ठेवला होता.

मग भन्ते जेवले. नोईच्या सांगण्यावरून काकांनी वाटीतलं पाणी अंगणातल्या झाडाच्या मुळाशी ओतलं. नितीनचा तिसऱ्यांदा कॉल आला तेव्हा मी तो घेतला.

‘‘दादा, व्हॉट हॅपन्ड? किती वेळ ट्राय करतोय! बाबा ठीक आहेत ना?’’

मी फोन काकांकडे दिला. काका स्क्रीनकडे बघून म्हणाले, ‘‘नितीन, आईचं झालं रे.’’

‘‘काय झालं?’’

‘‘जलदान. पूर्ण झालं.’’

‘‘बाबा, वी डिड दॅट ऑलरेडी ना, लास्ट इयर...’’ नितीन गाडीत होता. मागे टर्न सिग्नलची टिकटिक ऐकू येत राहिली. ‘‘ओके बाबा,’’ तो म्हणाला. ‘‘गुड. बरं झालं.’’

काकांनी बूट घातले. वाकता येत नव्हतं, म्हणून पट्ट्या मी लावल्या.

दुकानात मंडळी वैतागलेली होती. एकाने घड्याळ दाखवलं, एकाने फुलबाजार कॅन्सल झाला का म्हणून विचारलं. कुलकर्णी काकूंनी काकांसाठी आंबा आणि चिकट भाताची वाटी झाकून ठेवली होती. ‘‘खा आधी,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आणि पुन्हा जायचं असेल तर मला सांगून जा. या माणसाला फक्त बूट कळतात.’’ व्हॅनमध्ये बसताना मी नेहमीप्रमाणे मोजलं आणि ड्रायव्हरला सांगितलं, चौदा.

‘‘पंधरा,’’ मागून काका म्हणाले. ‘‘स्वतःला कोण मोजणार? हातचा विसरतोस तू.’’

सगळे हसले. मीही हसलो.

आमच्या धंद्यात निरोप नसतो. परतीच्या विमानतळावर पासपोर्टच्या रांगेत गट मोडतो. कुणाला पुढचं विमान गाठायचं असतं, कुणी गाडी मागवलेली असते. चौदा जणांचे बूट एकमेकांपासून लांब जातात, आणि मोजायचं कुणीच उरत नाही. काकांनी लांबून हात केला. मी घरी आलो. बायको गेले दोन हिवाळे नागपूरला आहे, तिच्या आईजवळ. मुलगा दुसऱ्या राज्यात नोकरीला. गॅरेजमधून आत येताना लागणारा चपलांचा रॅक आम्ही तिघांना आणि पाहुण्यांना पुरेल असा घेतला होता. मी माझे बूट खालच्या खणात ठेवतो.

तेव्हापासून काका रविवारी दुपारी फोन करतात. कधी खाओ सोयची कृती विचारतात, कधी नुसतं हवामान. मागच्या महिन्यात म्हणाले, ‘‘गजभिये, तुझा तो नियम अमेरिकेत चालत नाही रे.’’

‘‘कुठला?’’

‘‘बूट आहेत म्हणजे माणूस आत आहे. आज रविवार. दारात चार जोड आहेत. नितीनचे, सुनेचे, नातवाचे, माझे. सगळे आपापल्या खोलीत. नातवाला हाक मारली तर तो वरून मेसेज पाठवतो, कमिंग आजोबा. अजून आला नाही. मी टेबलापाशी एकटाच आहे.’’ मग त्यांनी विचारलं, ‘‘तुझ्याकडे किती जोड?’’

‘‘एक.’’

‘‘म्हणजे तुझा हिशेब बरोबर आहे. माझाच जुळत नाही.’’

त्यांनी फोन ठेवला नाही, मीही ठेवला नाही. थोड्या वेळाने पलीकडून चमचा ताटाला लागल्याचा आवाज आला. मी फोन टेबलावर उभा करून ठेवला आणि माझं ताट पुढे ओढलं.